शेवट ठाऊक असलेली उत्कंठा : फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ कसा पाहावा



दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ हा १९१९ सालचा मूकपट उत्कंठेचा चित्रपट म्हणून पाहावा, असे मला आज सुचवायचे आहे. हे ऐकताच कोणाच्याही मनात एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. उत्कंठा असते ती पुढे काय होणार हे ठाऊक नसते तेथे. कृष्ण यमुनेच्या डोहात उडी घेतो, कालियाला नमवतो आणि सुखरूप वर येतो, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक आहे. १९१९ साली तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाला तर ते आपल्यापेक्षाही पक्के ठाऊक होते. मग त्याने श्वास रोखून काय म्हणून पाहिले असेल?

या एका शंकेचे उत्तर नीट मिळाले, तर मूकपट कसा पाहावा या प्रश्नाचेही बरेचसे उत्तर मिळून जाते. म्हणून आपण त्या शंकेलाच धरून पुढे जाऊ.

प्रथम शब्दांची थोडी निवडानिवड केली पाहिजे. आपण रहस्य, धक्का आणि उत्कंठा हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः ही तिन्ही निराळी आहेत. बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांनी महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांच्या झोपा उडवल्या. तेथे लेखक एक गोष्ट आपल्यापासून लपवून ठेवतो आणि शेवटच्या पानावर ती उघड करतो. हे रहस्य. खुनी कोण हे एकदा कळले की तेच पुस्तक लगेच दुसऱ्यांदा वाचण्यात फारसे हशील नसते. धक्का म्हणजे अंधारात कोणी अचानक खांद्यावर हात ठेवावा तसा प्रकार. तो एका क्षणात येतो आणि दुसऱ्या क्षणी संपतो. उत्कंठेची जात मात्र वेगळी आहे. ती दहाव्यांदा पाहतानाही टिकते.

आल्फ्रेड हिचकॉक हा या विद्येतला जाणता दिग्दर्शक. त्याने हा भेद एका उदाहरणाने समजावून दिला होता. दोन माणसे मेजाशी बसून इकडच्या तिकडच्या गप्पा मारीत आहेत आणि मेजाखालचा बॉम्ब एकदम फुटतो. प्रेक्षक दचकतो, आणि तेथेच संपते. आता बॉम्ब ठेवलेला प्रेक्षकाला आधीच दाखवा, तो किती वाजता फुटणार हेही सांगा, आणि मग त्या दोघांना त्याच गप्पा मारू द्या. आता प्रेक्षक खुर्चीत चुळबुळ करू लागतो. गप्पा त्याच, माणसे तीच. फरक इतकाच की त्या दोघांना जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे, आणि ते त्यांना सांगण्याची आपल्याला सोय नाही.

हे हिचकॉकने सांगितले म्हणून आपल्याला नवे वाटते. पण आपल्या कीर्तनकारांनी दुसरे काय केले? उत्तररंगात आख्यान लावायचे ते प्रल्हादाचे नाहीतर हरिश्चंद्राचे. श्रोत्यांना त्यातला शब्द न् शब्द पाठ. तरी बुवा प्रल्हादाला कड्याच्या टोकावर उभे करतात, तेथेच थांबतात, टाळ उचलतात आणि विठ्ठलाचा गजर सुरू करतात. देवळातली एकही बाई त्या वेळी जागची उठत नाही. फार लांब कशाला जायचे? चैत्रात आपल्या हिंजवडीत म्हातोबाच्या यात्रेचे बगाड निघते. ते वर्षानुवर्षे निघत आले आहे, कसे निघते आणि कोठे जाते हे लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. तरी ते हलण्याच्या क्षणी गर्दी एकाएकी गप्प होते. त्या गप्प होण्याला मी उत्कंठा म्हणतो.

म्हणजे उत्कंठा उभी राहायला तीन गोष्टी लागतात असे दिसते. ज्याच्यावर संकट यायचे त्याच्याविषयी आपल्याला आस्था वाटली पाहिजे. पडद्यावरच्या माणसांना ठाऊक नाही असे काहीतरी आपल्याला ठाऊक असले पाहिजे. आणि दिग्दर्शकाला वेळ लांबवता आला पाहिजे. या तीन कसोट्या हाती घेऊन ‘कालिया मर्दन’ पाहू या.

तत्पूर्वी तो काळ कसा होता याविषयी दोन शब्द. १९१३ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्याच वर्षी अमेरिकेत लोइस वेबर या बाईंनी, फिलिप्स स्मॉली यांच्या जोडीने, ‘सस्पेन्स’ नावाचा दहाएक मिनिटांचा चित्रपट काढला. एकाकी घरात तान्ह्या मुलाला घेऊन असलेली स्त्री, घरात शिरणारा भटक्या, आणि दूर कचेरीत टेलिफोनचा कर्णा कानाला लावून बसलेला नवरा अशी ही कथा. बाईंनी पडद्याचे तीन त्रिकोण पाडले आणि तिघांना एकाच वेळी दाखवले. त्याच्याही आधी, १९०९ साली, ग्रिफिथने घरातली संकटग्रस्त माणसे आणि वाटेवरचा सोडवणारा यांची दृश्ये आलटून पालटून दाखवण्याचा प्रयोग केला होता. तेव्हा ही युक्ती फाळक्यांनीच प्रथम काढली असे आपण म्हणू नये. आपल्या माणसाचा मोठेपणा सांगण्यासाठी दुसऱ्याचे उणे करावे लागत नाही.

फाळके या कामाला फार निराळ्या वाटेने आले. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्म, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. मग छायाचित्रण, छपाई आणि जादूचे प्रयोगसुद्धा! यांपैकी जादूचा धंदा विसरून चालणार नाही. जादूगाराची सारी कला प्रेक्षकाचे डोळे हव्या त्या जागी, हवा तितका वेळ अडकवून ठेवण्यात असते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. १९१२ साली विलायतेहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आल्यावर फाळक्यांनी चित्रे घेतली ती एका वाटाण्याच्या रोपाची. कुंडीपुढे कॅमेरा रोवून ते दिवसेंदिवस एकेक चित्र टिपत गेले. पडद्यावर ते रोप मिनिटाभरात बीतून उगवून वर आले. काळ आपल्या मुठीत आहे, तो आवळता येतो, हे त्यांनी तेथे पाहिले. जो आवळता येतो तो सैल सोडून ताणताही येतो, हे त्यांच्यासारख्या माणसाच्या ध्यानात आल्यावाचून कसे राहील?

आता चित्रपटाकडे वळू. १९१८ साली नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली आणि पुढच्या वर्षी ‘कालिया मर्दन’ तयार झाला. कृष्णाची भूमिका फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने, केली. आदल्या वर्षीच्या ‘श्रीकृष्ण जन्मा’तही तीच कृष्ण झाली होती. स्त्रीभूमिकाही पुरुष करीत अशा त्या काळात कृष्णाचे काम मुलीने करावे हे विशेषच.

चित्रपट आरंभीच एक अनपेक्षित गोष्ट करतो. कथा सुरू होण्याआधी ही सात वर्षांची मुलगी मुलगी म्हणूनच आपल्यासमोर येते. कॅमेऱ्याकडे तोंड करून एकामागून एक भाव चेहऱ्यावर दाखवते. सात वर्षांच्या मुलीचा हा मुखाभिनय आहे, असे पाटीवर लिहून सांगितलेलेही आहे. मग तिचा कृष्ण होतो. पुष्कळांना हा भाग सर्कशीतल्या कसरतीसारखा वाटतो आणि ते तो घाईने पाहतात. मला वाटते, येथे थांबावे. देवाचे सोंग चढवण्यापूर्वी फाळके आपल्याला सांगत आहेत की, हे एक पोर आहे. ते पुढे डोहात उडी घेईल, तेव्हा उडी देवाने घेतली हे आपली श्रद्धा म्हणेल. पण डोळे म्हणतील, पोर पाण्यात पडले. आस्थेची पहिली कसोटी पहिल्या काही मिनिटांतच पुरी झाली.

पुढचा बराच भाग बाळकृष्णाच्या खोड्यांचा आहे. गवळणीशी उडालेला खटका, लोण्याची चोरी, गाऱ्हाणी. वरवर पाहता हा करमणुकीचा मजकूर वाटेल. त्यातली एक खोडी मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. रात्री कृष्ण एका धनिकाच्या शयनगृहात शिरतो. नवरा-बायको गाढ झोपली आहेत. पोरगा हळूच नवऱ्याची दाढी आणि बायकोचे केस एकमेकांना बांधून टाकतो. येथे आपण हसतो, पण हसताना थोडे अवघडूनही बसतो. हा जागा होईल का? गाठ बसण्याआधी ती कूस वळेल का? हिचकॉकचा मेजाखालचा बॉम्ब तो हाच. येथे तो दाढीच्या गाठीच्या रूपाने आला इतकेच. झोपलेल्यांना ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे. शिवाय ते सांगायचे मनात आले तरी सांगता येत नाही, आणि या ठिकाणी खरे म्हणजे सांगावेसेही वाटत नाही! फाळके येथे प्रेक्षकाला पुढच्या मोठ्या प्रसंगासाठी तयार करीत आहेत. खेळात जे शिकवले तेच पुढे डोहाच्या काठी वापरायचे आहे.

मग तो डोह येतो. कृष्ण झाडावर चढतो आणि उडी घेतो. येथून चित्रपट दोन ठिकाणी चालू लागतो. पाण्याखाली कृष्ण आणि कालिया यांची झुंज आणि काठावर जमलेले गोकुळ. झुंज थोडी दाखवायची आणि काठावर यायचे. काठावरची घालमेल थोडी दाखवायची आणि पुन्हा पाण्याखाली जायचे. आजच्या डोळ्यांना त्या सर्पाचे सोंग कळते, पाण्याची युक्तीही कळते. कळू द्या. आपले लक्ष दुसरीकडे पाहिजे. खालचे आपल्याला दिसते आणि वरचेही दिसते. काठावरच्यांना मात्र फक्त पाणी दिसते. यशोदेला तेवढेच दिसते.

पहिल्या शंकेचे उत्तर मला येथे सापडते. कृष्ण वर येणार हे आपल्याला ठाऊक आहे, परंतु यशोदेला ते ठाऊक नाही. ‘काय होईल’ या प्रश्नावर आपली उत्कंठा उभीच नव्हती. तिचा प्रश्न ‘हिला केव्हा कळेल’ असा आहे. शेवट ठाऊक असल्यामुळे ही ओढ कमी होत नाही, उलट वाढते. मूल सुखरूप आहे हे ठाऊक असलेला माणूस, ते ठाऊक नसलेल्या आईपुढे मुकाट बसून आहे. त्याला ओरडून सांगता येत नाही. आणि जरी ओरडला तरी तो पडदा मुका तसा बहिराही आहे. प्रत्येक वेळी चित्र काठावर येते तेव्हा दिग्दर्शकाने ते सांगणे आणखी थोडे लांबवलेले असते. वाटाण्याच्या रोपाचे दिवस ज्याने मिनिटात आवळले, त्यानेच येथे एका आईच्या काही क्षणांना ताण दिला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काठावर जमले आहे ते गाऱ्हाणी घेऊन आलेलेच गोकुळ. ज्या पोराने सळो की पळो करून सोडले, त्याच्यासाठी आता तेच जीव टाकत आहे. खोड्यांचा तो लांबलचक भाग कशासाठी होता हे येथे उमगते. तो नसता, तर काठावरची गर्दी म्हणजे निव्वळ गर्दी राहिली असती. शेवटी कृष्ण कालियावर विजयी होऊन वर येतो तेव्हा सुटका होते ती त्या काठाची, आणि काठाबरोबर आपली.

तुलनेसाठी हिचकॉकचा ‘द लॉजर’ घेऊ. हा १९२६ साली चित्रित होऊन १९२७ साली प्रदर्शित झाला. तेव्हा हिचकॉक सत्तावीस वर्षांचा होता. लंडनच्या धुक्यात एक खुनी हिंडतो आहे आणि एका घरात नवा भाडेकरू येतो. येथे वाट उलटी आहे. घरमालकिणीला जितके ठाऊक तितकेच आपल्याला ठाऊक. भाडेकरू माडीवर येरझारा घालतो, खाली त्याची पावले ऐकू येतात. पण चित्रपट मुका, मग पावलांचा आवाज दाखवायचा कसा? हिचकॉकने जाड काचेची जमीन करवली. खालची माणसे वर पाहतात, झुंबर हलते, आणि छत जणू पारदर्शक होऊन त्यातून चालणारी पावले आपल्याला दिसतात! ऐकू येणारी गोष्ट डोळ्यांना दाखवणे हे मूकपटाचे खरे सामर्थ्य. या चित्रपटातील लेखी पाट्याही छाटून सुमारे ८० वर आणल्या होत्या. चित्राने जे सांगता येते ते पाटीने सांगू नये, हा त्यातला धडा.

मौज अशी की, शेवटी हिचकॉकही काठावरच येतो. भाडेकरू बेड्यांसह लोखंडी कुंपणाला लटकला आहे, जमाव त्याला मारतो आहे, आणि खरा खुनी पकडला गेल्याचे आपल्याला तेवढ्यात कळलेले आहे. जमावाला ते अजून कळलेले नाही. आता प्रश्न उरतो तो हाच : यांना केव्हा कळेल? नाशकातले फाळके आणि लंडनचा हा तरुण यांनी एकमेकांचे काम पाहिले असेल असे मानण्याचे कारण नाही. माणसाचे मन दोन्हीकडे सारखेच, म्हणून दोघे एकाच ठिकाणी पोहोचले.

आता पाहण्याच्या रीतीविषयी थोडे सांगतो. मूकपटाच्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. पुढे बोलपट आल्यावर सेकंदाला २४ चित्रे हा वेग ठरला, त्यापूर्वी तो पुष्कळदा त्याहून कमी असे. जुनी फीत नव्या वेगाने चालवली की माणसे तुरुतुरु पळतात आणि आपल्याला हसू येते. ते हसू त्या नटांच्या वाट्याचे नाही, यंत्राच्या वाट्याचे आहे. तेव्हा योग्य वेगाची प्रत मिळाली तर तीच पाहावी. दुसरे असे की, फाळक्यांचा कॅमेरा बहुधा एका जागी उभा असतो. समोरच्या चौकटीत पुष्कळ माणसे एकदम वावरतात आणि त्यांतले कोण पाहायचे हे आपण ठरवायचे असते. आजच्या चित्रपटात दिग्दर्शक आपली मान धरून फिरवतो. येथे आपली मान आपल्या खांद्यांवर असते. म्हणून हा चित्रपट दोनदा पाहावा. पहिल्यांदा कृष्णाकडे पाहावे, दुसऱ्यांदा त्याच्याकडे पाहणाऱ्यांकडे. आणि तिसरे, जवळ कोणी लहान मूल असेल तर त्याला मांडीवर घेऊन बसावे. पाट्या मोठ्याने वाचून दाखवाव्यात. वाचता येणाऱ्याने न येणाऱ्यासाठी वाचायचे, ही त्या काळच्या चित्रपटगृहातली रीतच होती.

एक शेवटची गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. भारतात मूकपटाच्या काळात सुमारे १३०० चित्रपट निघाले. त्यांतले संपूर्ण किंवा तुटक स्वरूपात उरलेले दोन-तीन डझनांपलीकडे नाहीत. ‘राजा हरिश्चंद्रा’चे पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे आज पाहायला मिळते. ‘कालिया मर्दन’चा मात्र बराचसा भाग हाती आहे. त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्याच अंगात असतो. पुष्कळ फिती आगीत गेल्या, पुष्कळ कुजून गेल्या, आणि कित्येक तर त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी नष्ट केल्या गेल्या.

या कथेत पुण्याचे स्थान मोठे आहे. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले. पी. के. नायर यांनी १९९१ सालापर्यंत तेथे काम केले आणि फाळक्यांची उरलीसुरली रिळे जमवण्यात आयुष्य वेचले. त्याच पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, जानेवारी २००३ मध्ये साठवणीच्या जागेला आग लागली आणि नायट्रेटची शेकडो रिळे जळून गेली. ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फितीवर उतरवलेल्या होत्या, ते चित्रपट उरले. जे कोणाला वेळेवर सुचले तेवढेच आज आपल्याजवळ आहे.

हिंजवडीतील तुमच्यापैकी कितीतरी जण दिवसभर संगणकापुढे बसून जगाची माहिती सांभाळण्याचे काम करतात. एखादी गोष्ट जपून ठेवायची तर तिची वेळेवर दुसरी प्रत करावी लागते, हे तुम्हांला मी सांगायला नको. तेच फितीला लागू आहे, घरच्या माळ्यावरच्या जुन्या डब्यालाही लागू आहे, आणि आजीच्या तोंडच्या गोष्टीलाही लागू आहे. असा एखादा डबा सापडला तर तो उघडून दिव्यापाशी धरू नका आणि रद्दीतही घालू नका. जाणकारांकडे न्या.

सरस्वतीबाई फाळके रात्री जागून फितीला भोके पाडीत, फिती धुवायला मदत करीत. त्यांची लेक पडद्यावरच्या डोहात उतरली आणि लेकीचा बाप कॅमेऱ्यामागे उभा होता. त्या एका कुटुंबाच्या हातांतून निघालेली ती फीत बराच काळ खोल पाण्यात होती असे म्हणायला हरकत नाही. ती वर आली. तिच्याबरोबर बुडालेल्या बाकीच्या अनेक आल्या नाहीत. हे मनाशी धरून ‘कालिया मर्दन’ पाहिलात, तर यशोदेच्या शेजारी आपणही काठावर उभे आहोत असे तुम्हांला वाटेल, आणि मुलाचे डोके पाण्यावर दिसताच जो सुस्कारा सुटेल तो उसना नसेल.